परिचारिकेच्या पायताणाचे अर्थशास्त्र

कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीलगतच्या कामगार वस्त्यांतून सकाळच्या पाळीला दोन प्रकारचे श्रमिक बाहेर पडतात. एक फौंड्रीकडे किंवा यंत्रशाळेकडे वळतो. दुसरी मिरजेच्या किंवा सांगलीच्या रुग्णालयाकडे जाण्यासाठी बसची वाट पाहत उभी राहते. कित्येकदा दोघे एकाच घरातले असतात. त्याच्या पायांत जाड तळाचे, पोलादी टोपीचे बूट असतात. ते मालकाने दिलेले असतात, निदान द्यावेत असा दंडक तरी आहे; कंत्राटी कामगाराला ते मिळतातच असे नाही, परंतु मिळाले नाहीत तर मागता येतात. तिच्या पायांत मात्र आठवडेबाजारातून स्वतःच्या पैशाने घेतलेली, पातळ तळाची, टाचेला सैल झालेली पांढरी बेली असते. दोघेही दिवसभर उभे राहून राबतात. मग एकाचे पाय हा उत्पादनाचा प्रश्न आणि दुसरीचे पाय ही तिची खाजगी बाब, असा भेद कोणी आणि कशाच्या आधारावर केला?

हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. महागाई, कंत्राटीकरण, पाणी, शेतमालाचा भाव असे प्रश्न समोर उभे असताना पायताणाची चर्चा कशाला, असे एखादा कार्यकर्ता विचारील. परंतु श्रमिकांच्या चळवळीचा इतिहास असे सांगतो की, पाण्याचा माठ, मुतारी, पाळणाघर आणि बसायला बाकडे या 'क्षुल्लक' मागण्यांतूनच कामाच्या जागेवरील माणुसकीची व्याख्या घडत आली आहे. केरळमधील दुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या विक्रेत्या स्त्रियांनी बसण्याचा हक्क मागितला तेव्हाही अनेकांना हसू आले होते. तो हक्क २०१८ साली तेथे कायद्यात आला आणि २०२१ साली तामिळनाडूनेही तो मान्य केला.

मिरजेची ओळख वैद्यकीय नगरी म्हणून आहे. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तेथे मिशनचे रुग्णालय उभारले; १९६२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले; त्यांच्या भोवती लहानमोठ्या खाजगी रुग्णालयांचे जाळे विणले गेले. कर्नाटकाच्या सीमाभागातून रुग्ण येथे येतात. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून एक महानगरपालिका झाली. या नगरीचा लौकिक शल्यविशारदांच्या हातांवर उभा आहे असे नेहमी म्हटले जाते, आणि ते खोटेही नाही. परंतु शस्त्रक्रियेनंतरचे दिवस आणि रात्री रुग्ण ज्यांच्या भरवशावर काढतो, त्या परिचारिकांच्या पायांवरही हा लौकिक तितकाच उभा आहे.

हे पाय कोठे निकामी होतात, ते नीट पाहिले पाहिजे. पाय मुरगळतो तो बहुधा आतल्या बाजूला. पाऊल आत वळते, शरीराचा भार घोट्याच्या बाहेरच्या अंगावर येतो आणि तेथील अस्थिबंध ताणले जातात किंवा फाटतात. आंबेहळदीचा लेप, क्रेप बँडेज आणि दोन दिवसांची रजा एवढ्यावर बहुतेक वेळा भागवले जाते. सूज उतरते; पण अस्थिबंध सैल राहतो आणि आपले पाऊल कोणत्या कोनात पडत आहे याची पायाला असलेली उपजत जाण मंदावते. म्हणूनच ज्याचा घोटा एकदा मुरगळला, त्याचा पुन्हा मुरगळण्याचा धोका वाढतो. परिचारिकेला तर विश्रांती न घेताच पुन्हा कामावर उभे राहावे लागते. दुखरा घोटा ही मग तिची कायमची सोबत होते आणि सहकारी म्हणतात, 'सिस्टरांचा पाय नाजूकच आहे.'

पाय नाजूक नसतो. परिस्थिती कठोर असते. जुन्या खरखरीत शहाबादी फरशीची जागा चकचकीत टाइल्सनी घेतली आहे. ती फिनेलच्या पाण्याने दिवसातून अनेकदा पुसली जाते आणि ती वाळण्याची वाट पाहण्याइतकी उसंत कोणालाच नसते. शस्त्रक्रियागृहाबाहेर सामायिक स्लिपरांचा ढीग असतो. तेथे पायाच्या मापाची नव्हे, तर हाती येईल ती जोडी अडकवून आत शिरायचे असते. रुग्णाला उचलताना, स्ट्रेचर वळवताना भार एका पायावर येतो आणि नेमक्या त्याच क्षणी सैल स्लिपर पायाखालून सरकते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषानुसार वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका हवी. हे प्रमाण जेथे पाळले जात नाही, तेथे प्रत्येक हाकेला धावावे लागते, आणि ओल्या फरशीवरची धाव म्हणजे अपघाताला दिलेले निमंत्रणच होय. असे असूनही अनेक ठिकाणी पादत्राणांविषयी नियम असतो तो फक्त रंगाचा. ते पांढरे असावे की काळे, हे व्यवस्थापन ठरवते. ते पायाला धरून बसते की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही.

कायदा याबाबत काय म्हणतो? १९४८ च्या कारखाने कायद्याने उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसण्याची सोय मालकावर बंधनकारक केली होती; परंतु रुग्णालयाचा कक्ष म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून परिचारिका त्या छत्राबाहेरच राहिली. तो कायदा आता इतिहासजमा झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहिता, २०२० अमलात आली आहे. कामगारांच्या कष्टार्जित हक्कांवर या चार संहितांनी जो घाव घातला आहे, त्याविषयी वेगळे सांगण्याची गरज नाही. तथापि शत्रूच्या भात्यातला उपयोगी बाण टाकून देण्यात शहाणपण नसते. ही संहिता दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होते. कामाची जागा धोक्यांपासून मुक्त ठेवण्याचे कर्तव्य ती मालकावर टाकते आणि सुरक्षिततेसाठी व आरोग्यासाठी जे काही पुरवले जाईल त्याचा आकार कर्मचाऱ्याकडून घेता येणार नाही, असेही सांगते. या तरतुदीचा सरळ अर्थ असा की, पाय घसरणे हा जर कामाच्या जागेचा धोका असेल, तर न घसरणारे पायताण परिचारिकेने स्वखर्चाने का आणावे? पळवाटाही आहेतच. धर्मादाय संस्थांना उद्योगाच्या व्याख्येबाहेर ठेवले आहे, शासकीय कार्यालये संहितेतून वगळली आहेत, आणि दहापेक्षा कमी कामगारांची छोटी नर्सिंग होम आपोआपच निसटतात. म्हणून केवळ कायद्यावर विसंबून चालणार नाही.

आता खर्चाचा हिशेब करू. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानुसार नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयांतही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत अशी शिफारस केली. ही शिफारस पाळली जाते असे गृहीत धरले, तरी समजा बऱ्यापैकी बुटाची किंमत दोन हजार रुपये आहे, तर तो तिच्या मासिक वेतनाचा दहावा हिस्सा होतो. मुलांची फी, घरभाडे आणि सासू-सासऱ्यांची औषधे यांच्या रांगेत तिचे पाय शेवटी उभे राहतात. ती तीनशे रुपयांची बेली घेते. बाजाराच्या पंडितांच्या मते ही तिची 'निवड' होय! कार्ल विल्यम काप या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली खाजगी उद्योगाच्या सामाजिक खर्चांवर ग्रंथ लिहून दाखवून दिले होते की, उद्योजकाच्या जमाखर्चात जो खर्च दिसत नाही तो नाहीसा झालेला नसतो. तो दुसऱ्या कोणाच्या तरी माथी मारलेला असतो. रुग्णालयाने बुटाचे पैसे वाचवले, ते परिचारिकेच्या बिनपगारी रजेत, क्ष-किरण तपासणीच्या बिलात, तिच्या सहकारिणीच्या दुहेरी पाळीत आणि तिच्याबरोबर कोलमडलेल्या रुग्णाच्या दुखापतीत वसूल होतात. या खर्चाची बेरीज कोठेच मांडली जात नाही, म्हणून तो नाही असे समजले जाते.

हा निव्वळ तर्क नव्हे. इंग्लंडमध्ये शासकीय आरोग्यसेवेतील ४,५५३ कर्मचाऱ्यांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. ज्या गटाला न घसरणाऱ्या तळाचे बूट मोफत देण्यात आले, त्या गटात पाय घसरण्याचे प्रमाण ३७ टक्क्यांनी कमी आढळले. ही चाचणी घसरण्यापुरती होती, घोट्याच्या दुखापतीपुरती नव्हे, हे खरे; पण घोटा मुरगळण्याच्या अनेक वाटांपैकी एक मोठी वाट बुटाच्या तळाशी बंद करता येते, एवढे त्यातून सिद्ध होते.

यावर पहिला आक्षेप सेवाधर्माचा घेतला जातो. परिचर्या हे व्रत आहे, त्यात बुटांचा हिशेब कसला? त्यागाचे हे पोवाडे नेहमी ज्याला त्याग करावा लागत नाही तोच गातो, हे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे. दुसरा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. वस्तू देण्याऐवजी भत्ता द्यावा, म्हणजे जिला जे हवे ते ती घेईल. केंद्र शासनाने सातव्या वेतन आयोगानंतर, २०१७ साली, बूट व धुलाईचे जुने भत्ते एकत्र करून परिचारिकांसाठी दरमहा १,८०० रुपयांचा पोशाख भत्ता ठरवला. पादत्राण हा कामाचा खर्च आहे ही कबुली त्यात आहे आणि ती मोलाची आहे. परंतु तुटपुंज्या वेतनात भत्ता घरखर्चात विरघळून जातो. उलट, सर्वांत कमी दराच्या निविदेतून सर्वांना एकाच साच्याचे बूट दिले, तर ते कपाटात पडून राहतात. म्हणून मध्यम मार्ग हवा. दर्जा सामुदायिक निर्णयाने ठरावा, खर्च मालकाने करावा, आणि माप व घडण प्रत्येकीने स्वतःच्या पायाला घालून पाहून निवडावी. भारतीय मानक १५२९८ च्या चौथ्या भागात पोलादी टोपीविरहित व्यावसायिक पादत्राणांचा विचार झालेलाच आहे. मानक आहे, ते मागणारा हवा आहे.

मागणी करायची तर काय मागायचे हेही ठाऊक असले पाहिजे. घोटा ज्यांचा वारंवार मुरगळतो, त्यांनी सर्वप्रथम टाच पाहावी. बुटाचा टाचेमागचा भाग अंगठ्याने दाबला असता सहज चेपता कामा नये. तोच पावलाला सरळ धरून ठेवतो. टाच फार उंच नसावी आणि तिचा पाया रुंद असावा. नाडी किंवा पट्टा असलाच पाहिजे. नुसता पाय सरकवायचा बूट कितीही सोयीचा वाटला तरी वळताना सुटतो. बूट हातात धरून वाकवावा: तो बोटांच्या सांध्यापाशी वाकावा, मधोमध नव्हे, आणि पिळला असता फडक्यासारखा पिळला जाऊ नये. तळ रबरी व खोल नक्षीचा हवा; नक्षी गुळगुळीत झाली की वरून नवा दिसणारा बूटही निवृत्त करावा. हल्ली अतिशय मऊ आणि जाड तळाच्या बुटांचा मोठा बोलबाला आहे. दुकानात चार पावले टाकताना ते सुखद वाटतात. पण पाऊल जमिनीपासून उंच आणि डळमळत्या गादीवर ठेवणे हे कमकुवत घोट्याला हिताचे नाही. पुढचा भाग बंद आणि बोटांना ऐसपैस असावा. सुई किंवा कात्री पडली तर पाऊल वाचते, आणि वरचे आवरण न झिरपणारे असले म्हणजे रक्त पुसून टाकता येते. छिद्रांचे रबरी क्लॉग या दोन्ही कसोट्यांना उतरत नाहीत.

खरेदी संध्याकाळी, पाळी संपल्यावर करावी, कारण दिवसभर उभे राहून पाय सुजलेले असतात. कामावरचेच मोजे घालून दोन्ही पायांचे माप घ्यावे आणि मोठ्या पायाला येईल ती जोडी घ्यावी. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे: बूट म्हणजे औषध नव्हे. एका पायावर तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि वैद्यकीय सल्ल्याने वापरलेला घोट्याचा पट्टा यांनी दुखापत पुन्हा होण्याचा धोका कमी होतो. परंतु व्यायामाला वेळ आणि घोट्याला विश्रांती मिळणे हा पुन्हा रजेचाच, म्हणजे श्रमाच्या अटींचाच प्रश्न आहे.

या भूमीला पायताणाची कला परकी नाही. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांत सांगलीचाही समावेश आहे. कोल्हापुरी वहाण रुग्णालयात चालणार नाही, हे उघड आहे. पण पावलाचे माप घेऊन चामडे घडवणारे हात येथे आहेत आणि ते कामाविना बसले आहेत. १९७४ साली स्थापन झालेले चर्मोद्योग महामंडळ राज्याच्या हाताशी आहे. साच्यातला रबरी तळ आणि मापाने घडवलेले वरचे आवरण यांचा मेळ घालून परिचारिकांचे बूट सहकारी पद्धतीने तयार करावेत आणि शासकीय रुग्णालयांनी ते विकत घ्यावेत, ही कल्पना स्वप्नरंजन नाही. एका श्रमिकाच्या पायाचा प्रश्न दुसऱ्या श्रमिकाच्या हाताला काम देऊन सुटत असेल, तर समाजवादी अर्थकारणाचा याहून सोपा धडा कोणता?

तेव्हा कुपवाड, मिरज, सांगली येथील कार्यकर्त्यांनी सुरुवात लहान गोष्टींपासून करावी. प्रत्येक रुग्णालयात पाय घसरण्याची व मुरगळण्याची लेखी नोंद ठेवली जावी, कारण ज्याची नोंद नाही त्याची भरपाई नाही. शस्त्रक्रियागृहातील सामायिक स्लिपरांऐवजी प्रत्येकीला स्वतःच्या मापाची, टाचेला पट्टा असलेली जोडी मिळावी. फरशी पुसण्याची वेळ आणि पाळी बदलण्याची वेळ एक नसावी. वर्षातून दोन जोड्या व्यवस्थापनाच्या खर्चाने मिळाव्यात, आणि त्या निवडणाऱ्या समितीत परिचारिकांचे बहुमत असावे. यांत कंत्राटी परिचारिका, आया आणि सफाई कामगार यांना वगळले, तर मागणीतला प्राणच जाईल. ओली फरशी नेमणूकपत्र पाहून कोणाला पाडत नाही.

फौंड्रीतल्या कामगाराच्या पायांत मालकाचे बूट आले, ते मालकाच्या दयेने नव्हे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या संघटनेने आणले. त्याच घरातून सकाळी बाहेर पडणाऱ्या परिचारिकेसाठीही दुसरा मार्ग नाही. दिवसभर दुसऱ्यांना आधार देणारीने स्वतः कोणत्या आधारावर उभे राहायचे, याचे उत्तर मागण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.