विश्लेषण : राज्यघटनाच गुंडाळली, तर कायदा कोणाचा?

बांगलादेशात ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना यांनी देश सोडला आणि मोहम्मद युनूस यांच्या नेतृत्वाखाली हंगामी सरकार आले. तेथील राज्यघटनेत अशा सरकारची तरतूद नव्हती. म्हणून अध्यक्षांनी अनुच्छेद १०६ नुसार सर्वोच्च न्यायालयाचे मत घेतले. सत्ता हाती असताना कायद्याच्या शिक्क्याची गरज का भासते?

कायद्याला बळ कुठून मिळते?

वाहतूक पोलिसाने केलेल्या दंडामागे मोटार वाहन कायदा असतो. तो संसदेने केला; संसदेला अधिकार राज्यघटनेने दिला. मग राज्यघटना का पाळायची? विधिज्ञ हान्स केल्सन (१८८१-१९७३) यांच्या मते, कायदा ही नियमांची उतरंड आहे. प्रत्येक नियमाला वैधता वरच्या नियमाकडून मिळते. सर्वात वरचा ‘मूलभूत नियम’ मात्र कोणी केलेला नसतो, तो गृहीत धरलेला असतो. कायदा वैध आहे का आणि न्याय्य आहे का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हा या प्रत्यक्षार्थवादी विचाराचा गाभा.

पाकिस्तानात काय घडले?

ऑक्टोबर १९५८ मध्ये अध्यक्ष इस्कंदर मिर्झा यांनी राज्यघटना रद्द करून लष्करी कायदा लागू केला. ‘डोसो’ खटल्यात सरन्यायाधीश मुहम्मद मुनीर यांनी केल्सन यांचाच आधार घेतला. उठाव यशस्वी झाला, म्हणजे नवी व्यवस्था वैध, असा त्यांचा निष्कर्ष होता. निकालाच्या रात्रीच जनरल अयुब खान यांनी मिर्झांनाच हटवले!

चूक कुठे झाली?

नियम प्रत्यक्षात पाळले जाणे ही केल्सन यांच्या लेखी वैधतेची अट आहे, वैधतेचे कारण नव्हे. कायदा कसा चालतो, याचे ते वर्णन होते. न्यायालयाने त्याचा परवाना केला.

ही चूक सुधारली का?

‘अस्मा जिलानी’ खटल्यात १९७२ मध्ये ‘डोसो’ निकाल फिरवला गेला आणि याह्या खान यांची सत्ता बेकायदा ठरली. पण तोवर याह्या पायउतार झाले होते. पुढे १९७७ मध्ये जनरल झिया यांचा उठाव याच न्यायालयाने मान्य केला. या वेळी आधार केल्सनचा नव्हे, तर ‘गरजे’चा होता.

बोध काय?

सिद्धांत बदलला, तरी निकाल सत्ताधाऱ्याच्याच बाजूने लागला. सत्ता कोणाकडे आहे, हे न्यायालयाला दिसतेच. पण सत्ता टिकली म्हणून ती योग्य ठरत नाही, हे ती टिकून असतानाच सांगावे लागते.