झाकली मूठ आणि उघडी दारे

विद्यापीठांची सायबर सुरक्षा हा विषय संपादकीयात पाहून काहीजणी पान उलटतील. हे काम संगणकवाल्यांचे, बायकांच्या संघटनांचा त्यात काय संबंध, असे वाटणे साहजिक आहे. पण थोडे थांबून महाविद्यालयाचा एक प्रवेश अर्ज डोळ्यांसमोर आणा. मुलगी त्यात काय काय लिहून देते? स्वतःचे आणि आईचे नाव, राहता पत्ता, मोबाईल नंबर, फोटो, जातीचा दाखला, घरच्या उत्पन्नाचा दाखला, बँकेचे खाते, आधार क्रमांक. पुढे वसतिगृहाची खोली, शिष्यवृत्ती, परीक्षेचे केंद्र यांची भर पडते. तिने लैंगिक छळाची तक्रार केली असेल, तर ती तक्रार, साक्षीदारांचे जबाब आणि समितीचा अहवालही त्याच इमारतीतल्या कुठल्यातरी संगणकात असतो.

अशी माहिती मुलगेही देतात. पण ती फुटल्यावर सगळ्यांना सारखी किंमत मोजावी लागत नाही. मुलाचा नंबर बाहेर गेला तर बहुधा कर्जाचे आणि फसवणुकीचे फोन येतात. मुलीला तेही येतात. शिवाय रात्री-अपरात्री अनोळखी फोन येतात, फोटोत फेरफार करून धमक्या येतात, आणि घरी कळले तर शिक्षणच थांबेल ही धास्ती वेगळी. घरच्यांचा विरोध पत्करून आंतरजातीय लग्न केलेली, नवऱ्याचा मार चुकवून दुसऱ्या गावी पदवी पूर्ण करणारी, नकार न पचवणाऱ्या मुलापासून लांब आलेली, अशा तिघीजणी कुठल्याही वर्गात असू शकतात. पत्ता गुप्त राहणे हाच त्यांचा आसरा आहे.

एप्रिल २०२३ मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची ९० हजारांहून अधिक प्रवेशपत्रे परीक्षेआधी टेलिग्रामवर आली. प्रश्नपत्रिका फुटली का, ही चिंता रास्तच होती. पण आपण आणखी एक प्रश्न विचारायला हवा. अमुक मुलगी अमुक दिवशी अमुक केंद्रावर येणार, हे प्रवेशपत्रावरून कळते. तिच्या मागावर असणाऱ्याला आणखी काय हवे?

त्याआधी, २३ नोव्हेंबर २०२२ रोजी, दिल्लीच्या एम्स या रुग्णालयावर आणि वैद्यकीय शिक्षण-संशोधन संस्थेवर हल्ला झाला. पाच सर्व्हरवरची सुमारे १.३ टेराबाइट माहिती हल्लेखोरांनी कुलूपबंद केली. सुमारे दोन आठवडे नोंदणीपासून तपासण्यांपर्यंतचे काम कागदावर करावे लागले. संस्थेच्या संगणक-जाळ्याचे कप्पे नीट पाडलेले नव्हते, असे कारण सरकारने नंतर संसदेत सांगितले. म्हणजे एका खोलीत चोर शिरला आणि आतली सगळी दारे उघडी होती. देशातल्या सर्वांत नावाजलेल्या वैद्यकीय संस्थेची ही गत, तर तालुक्याच्या महाविद्यालयाचे काय? तिथे संगणक म्हणजे कंत्राटी पद्धतीवर नेमलेल्या एका क्लार्कबाई आणि बोलावल्यावर येणारा दुरुस्तीवाला. रात्री सर्व्हर बंद पडला तर प्राचार्यांनी फोन कोणाला करायचा?

यातला खरा अडथळा पैशाचा किंवा यंत्रांचा आहे, असे आम्हांला वाटत नाही. तो अब्रूचा आहे. चोरी झाली हे कळले तर संस्थेची बदनामी होईल, पुढच्या वर्षी प्रवेश घटतील, मूल्यांकनात गुण कापले जातील, या भीतीने संस्था गप्प राहतात. झाकली मूठ सव्वा लाखाची! शेजारच्या महाविद्यालयाला पत्ता लागत नाही, म्हणून तेच बनावट पत्र महिनाभराने तिथेही उघडले जाते. आणि जिची माहिती गेली त्या मुलीला तर कोणीच काही सांगत नाही.

ही गोष्ट आपल्या ओळखीची आहे. घरातली मारहाण बाहेर सांगू नये, त्याने घराण्याची अब्रू जाते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो. १९८० साली मुंबईत बलात्कारविरोधी मंच उभा राहिला आणि गावोगावच्या संघटनांनी बोलायला सुरुवात केली, तेव्हा एक गोष्ट पक्की कळली. गप्प राहण्याने अब्रू वाचत नाही, अत्याचार करणारा वाचतो. एकीने सांगितले की दुसरीला धीर येतो, तिसरी सावध होते. संस्थांनाही आज नेमके हेच शिकायचे आहे.

शिकता येते, याचे एक उदाहरण नेदरलँड्समध्ये आहे. तिथल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात २३ डिसेंबर २०१९ च्या संध्याकाळी, नाताळच्या सुटीच्या तोंडावर, २६७ सर्व्हर कुलूपबंद झाले. हल्लेखोर ऑक्टोबरमध्येच आत शिरले होते. कर्मचाऱ्यांना आलेल्या फसव्या ईमेलमधला दुवा उघडला गेला आणि त्यांना वाट मिळाली. विद्यापीठाने ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे दोन लाख युरो, खंडणी भरली. खंडणी भरावी की नाही यावर वाद होऊ शकतो, आणि तिथे तो झालाही. पण त्यानंतर विद्यापीठाने जे केले ते महत्त्वाचे. ५ फेब्रुवारी २०२० रोजी जाहीर परिसंवाद घेऊन त्यांनी सगळी हकिकत मांडली: चोर कसा आला, कोणती दुरुस्ती करायची राहिली होती, राखीव प्रतीदेखील त्याच जाळ्यात ठेवल्याने कशा हातच्या गेल्या. पुढे तपासात खंडणीचा काही भाग हाती लागला. २०२२ साली तो परत मिळण्याची वेळ आली, तेव्हा बिटकॉइनचा भाव वाढल्याने त्याचे मोल सुमारे पाच लाख युरो झाले होते. ते पैसे अडचणीतल्या विद्यार्थ्यांसाठी वापरायचे, असे विद्यापीठाने सांगितले.

यातली एक गोष्ट आपण ध्यानात ठेवू या. ईमेल एका कर्मचाऱ्याने उघडला, एवढ्याने २६७ सर्व्हर बंद पडत नाहीत. त्यामागे राहून गेलेल्या दुरुस्त्या असतात, न पाडलेले कप्पे असतात, वर्षानुवर्षे पुढे ढकललेले निर्णय असतात. आपल्याकडे असे घडले तर नोटीस कोणाला मिळेल? त्या कंत्राटी क्लार्कबाईंना. त्यांना कधी प्रशिक्षण दिले होते का, हे कोण विचारणार? नोकरी जाण्याची भीती असेल तर उद्या दुसऱ्या क्लार्कबाई चुकीचा ईमेल उघडल्याचे लपवतील, आणि चोराला आणखी दोन महिने मिळतील. चूक सांगणाऱ्या बाईला संरक्षण देणे हीसुद्धा सायबर सुरक्षाच आहे.

मास्ट्रिख्टला बोलणे सोपे गेले, कारण तिथे ऐकणारे शेजारी होते. नेदरलँड्समधल्या शंभराहून अधिक शिक्षण व संशोधन संस्था ‘सर्फ’ नावाच्या सहकारी संस्थेच्या सभासद आहेत. संगणक-जाळे सामायिक, चोवीस तास मदत करणारे पथकही सामायिक. २०१६ पासून अधूनमधून या संस्था मिळून हल्ल्याची रंगीत तालीम करतात. तिच्यात संगणक विभागाबरोबर व्यवस्थापनही बसते. तरीही हल्ले थांबलेले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये आइंडहोव्हनच्या तंत्रज्ञान विद्यापीठात चोरीचे पासवर्ड वापरून कोणी शिरले. विद्यापीठाने त्याच रात्री आपले जाळे स्वतःहून बंद केले, आठवडाभर वर्ग थांबवले, आणि काही महिन्यांनी आपल्या उणिवांसकट अहवाल प्रसिद्ध केला. माहिती कुलूपबंद होण्याआधीच हल्ला अडला.

सहकार हा शब्द महाराष्ट्राला नवा नाही. दोन म्हशींचे दूध घालणारी बाई स्वतःचे शीतकरण केंद्र उभारू शकत नाही. दूध संघात ते जमते. तसेच एका लहान महाविद्यालयाला सुरक्षेचा तज्ज्ञ पगारावर ठेवणे परवडणार नाही, पण एका विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालयांनी थोडी थोडी वर्गणी काढली तर एक पथक सहज उभे राहील. संस्थांनी एकत्र येण्याची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. १९८६ साली ‘अर्नेट’ हे शिक्षण-संशोधनाचे जाळे सुरू झाले, तेव्हाच्या मोजक्या आठ संस्थांत मुंबईची आयआयटी आणि मुंबईचेच एनसीएसटी होते. २०१० साली राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला केंद्र सरकारची मंजुरी मिळाली. तारा जोडल्या गेल्या. एकमेकांना अडचण सांगण्याची सवय मात्र अजून लागायची आहे. महर्षी कर्व्यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाने पुढाकार घेतला तर किती उचित होईल!

अर्थात सहकारात चेअरमन आणि त्यांचे सोयरे कसे बसतात, हेही आपण पाहिले आहे. म्हणून असे पथक झाले तर त्याच्या देखरेख समितीवर विद्यार्थिनी, वसतिगृहाच्या रेक्टर आणि अंतर्गत तक्रार समितीच्या सदस्या हव्यात. नाहीतर सुरक्षा या नावाखाली भलतेच सुरू होईल. मुलींच्या वसतिगृहात आणखी कॅमेरे, रात्री नऊनंतर मोबाईल जमा, आईवडिलांना ये-जा कळवणारे अ‍ॅप. मुलींवर पाळत ठेवणे म्हणजे त्यांचे रक्षण नव्हे. उलट प्रत्येक नवा कॅमेरा आणि प्रत्येक नवी हजेरी म्हणजे फुटू शकणारी आणखी माहिती. जे गोळाच केले नाही, ते चोरीला जात नाही.

कायदा काय म्हणतो? माहितीच्या चोरीची खबर सहा तासांत सर्ट-इन या केंद्रीय यंत्रणेला द्यावी, असा आदेश एप्रिल २०२२ मध्ये निघाला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार जिची माहिती फुटली तिलाही कळवणे बंधनकारक आहे. पण त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि या कलमासाठी त्यांत तिथून अठरा महिन्यांची मुदत ठेवली आहे. संस्थांनी तोवर थांबावे असे मात्र कुठे लिहिलेले नाही. शिवाय लैंगिक छळविरोधी कायद्याचे सोळावे कलम २०१३ पासून आहे. तक्रारदार स्त्रीचे नाव, पत्ता आणि तक्रारीतील मजकूर उघड करण्यास ते मनाई करते. ज्या संगणकावर कार्यालयातले पाचजण एकाच पासवर्डने काम करतात, त्यावर तक्रार समितीचे कागद ठेवून हे कलम कसे पाळले जाणार?

तेव्हा मैत्रिणींनो, आपल्या भागातल्या महाविद्यालयात जाऊन चार प्रश्न विचारू या. माहिती चोरीला गेली तर विद्यार्थिनींना किती दिवसांत आणि कोणत्या भाषेत कळवाल? तक्रार समितीची कागदपत्रे कोण उघडू शकते? मोबाईल नंबर आणि जात लिहिलेल्या शिष्यवृत्तीच्या याद्या संकेतस्थळावर आहेत का, आणि असल्यास त्या कधी काढाल? आणि हल्ला झाला तर शेजारच्या कोणत्या संस्थेला सांगाल, कोणाची मदत घ्याल?

हे विचारायला संगणकाची पदवी लागत नाही. तंत्राचे तपशील तंत्रज्ञ पाहतील. दार कोणाच्या भल्यासाठी लावायचे आणि किल्ली कोणाकडे ठेवायची, हे आपण विचारायचे आहे. आपल्या संघटनांच्या कार्यालयांतही पीडित स्त्रियांच्या केसचे कागद आणि फोन नंबर असतात. हेच प्रश्न तिथेही लागू आहेत, आणि जिल्ह्यातल्या तीन-चार संघटनांनी मिळून त्यांची उत्तरे शोधायला काहीच हरकत नाही.

महाविद्यालयांनी दिलेली उत्तरे, टाळाटाळसुद्धा, आम्हांला लिहून पाठवा. पुढच्या अंकात ती जिल्हावार छापू आणि त्या आधारे विद्यापीठांच्या कुलगुरूंकडे सामायिक मदत पथकाची मागणी करू. एकेका महाविद्यालयाची मूठ झाकलेली राहिली, तर त्याची किंमत आपल्या मुली मोजतील. ती उघडायला लावणे आपल्या हातात आहे.