सड्यावरचा कचरा, पायथ्याची विहीर

सोनसोडोची चर्चा होते ती ढिगाच्या उंचीची, दुर्गंधीची आणि आगीची. मे २०१९ मध्ये तेथील कचरा पेटला तेव्हा धूर साऱ्या मडगावने पाहिला. ढिगातून जमिनीत उतरणारे पाणी मात्र विहिरीला वास येईपर्यंत कोणाच्या लक्षात येत नाही.

गोव्यातील सडे ओसाड दिसतात, म्हणून ते कचऱ्यासाठी सोयीचे मानले गेले. हा समज मुळातच चुकीचा. जांभा दगड सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्याच्या भेगांतून आत मुरते आणि पायथ्याशी झरींच्या रूपाने बाहेर पडते. खालच्या गावांच्या विहिरी आणि कुळागरे याच पाण्यावर जगली. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस उघड्या ढिगावर कोसळतो तेव्हा अमोनिया, क्षार आणि जड धातू घेऊन काळे पाणी त्याच वाटेने खाली जाते. त्यालाच लीचेट म्हणतात.

२०१६ च्या घनकचरा नियमांनी भरावक्षेत्राच्या तळाशी ९० सेंटिमीटर चिकणमाती आणि तिच्यावर दीड मिलिमीटर जाडीचे प्लास्टिकचे अस्तर बंधनकारक केले. भूजलाची सर्वोच्च पातळीही या थरापासून किमान २ मीटर खाली हवी. गोव्यात ही पातळी मे महिन्यात मोजली, तर ते मोजमाप निरर्थक ठरते; जुलैत पाणी कुठवर चढते, हे पाहायला हवे. शिवाय जुन्या ढिगांखाली अस्तर नाहीच.

साळगावात २०१६ मध्ये आधुनिक प्रकल्प सुरू झाला, पण त्याआधीही त्या सड्यावर उघड्यावर कचरा पडत होता. पुढे सालमोना झरीच्या प्रदूषणाच्या तक्रारी ग्रामस्थांनी केल्या. अशा वादात आधीच्या पाण्याच्या नोंदी हाताशी नसतील, तर दोष जुन्या ढिगाचा की नव्या प्रकल्पाचा, हे सांगणार कोण?

जुना कचरा उपसण्याच्या कामाचे मोजमाप टनांत होते. ढीग हटला की फलक लागतो, छायाचित्रे निघतात. भिजलेली जमीन तशीच राहते आणि पुढची अनेक वर्षे झिरपत असते. म्हणून उपशाच्या कंत्राटातच पायथ्याच्या विहिरी आणि झरींची तपासणी घातली पाहिजे, आणि तिचे अहवाल पंचायतीच्या फलकावर लागले पाहिजेत. पावसाच्या पहिल्या सरींनंतरचे आठवडे त्यासाठी सर्वांत महत्त्वाचे. उन्हाळाभर साचलेली घाण तेव्हाच एकदम खाली सुटते.