पोटऱ्या दुखतात का, हे विचारा

भाताची लावणी सुरू झाली की कोकणातल्या दवाखान्यांत तापाचे रुग्ण वाढतात. मलेरिया, डेंगी, साधा व्हायरल सगळे याच दिवसांतले, आणि त्यांच्या गर्दीत लेप्टो लपून जातो. एकाएकी भरलेला ताप, लालबुंद डोळे आणि हात लावू न देणाऱ्या पोटऱ्या, एवढ्यावर संशय यायला हवा. पण केसपेपरवर वय, वजन, ताप लिहिलेला असतो. माणूस चिखलात किती दिवस उभा होता, गोठ्यातलं शेण कोण काढतं, पायाला जखम आहे का, हे क्वचितच लिहिलेलं दिसतं. निदानाची किल्ली मात्र तिथेच असते.

लेप्टोस्पायरा हा पिळदार जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात मुक्काम करतो. त्यांना तो फारसा बाधत नाही, लघवीतून बाहेर पडत राहतो. गुरं, कुत्री, डुकरं यांच्याकडूनही तो पसरतो. ओल्या मातीत, साचलेल्या पाण्यात आठवडेच्या आठवडे तग धरतो आणि खरचटलेल्या कातडीतून अंगात शिरतो. तरवा लावणाऱ्या बाईच्या पायाला भेगा नाहीत, असं कधी पाहिलंय? गटारात उतरणाऱ्या कामगाराला गमबूट मिळालेच पाहिजेत आणि ते देणं कंत्राटदाराचं कर्तव्य आहे. खाचरात तेच गमबूट चिखलात रुतून बसतात. तिथे हा सल्ला देऊन आपली सुटका होत नाही.

बऱ्याच जणांचा ताप उतरतो. काहींना मात्र कावीळ होते, लघवी बंद होते, फुप्फुसात रक्तस्राव होतो, आणि हे सगळं मोजक्या दिवसांत घडतं. नेहमीच्या तपासणीत रक्तातली प्रतिपिंडं शोधतात. ती दिसायला पाच ते सात दिवस लागतात, म्हणून दुसऱ्या दिवशीचा निगेटिव्ह रिपोर्ट काहीच सिद्ध करत नाही. तो पाहून रुग्णाला घरी पाठवणं मला धोकादायक वाटतं. संशय आला की औषध सुरू करावं, रिपोर्ट मागाहून येऊ द्यावा. डॉक्सीसायक्लिन, पेनिसिलिन ही जुनी, स्वस्त औषधं आहेत. डॉक्सीसायक्लिन तर स्क्रब टायफसलाही लागू पडतं.

आजार होण्याआधीही ते उपयोगी पडतं. 1982 मध्ये पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या 940 अमेरिकी सैनिकांवर अभ्यास झाला. आठवड्याला 200 मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लिन घेणाऱ्यांपैकी एकाला लेप्टो झाला, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांपैकी 20 जणांना. मुंबईत 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि पुढच्या आठवड्यांत लेप्टोची साथ आली. पाण्यातून चालत आलेल्यांनी 72 तासांच्या आत डॉक्टरांकडून औषध घ्यावं, असं आवाहन महापालिका आता पावसाळ्यात करते. शहरातल्या माणसाला असा एखादाच दिवस पाण्यात काढावा लागतो. लावणी करणारी बाई तीन-चार आठवडे रोज पाण्यात असते.

सरसकट सगळ्यांना प्रतिजैविक वाटा, असं मी म्हणत नाही. त्यानं जिवाणू औषधांना दाद देईनासे होतात. खाचरात उतरणाऱ्यांना, तेही लावणीपुरतंच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं. गरोदर बायका आणि लहान मुलांना हे औषध चालत नाही, त्यांच्यासाठी पर्याय डॉक्टरांनी ठरवावा. आणि हा साठा जूनच्या पहिल्या आठवड्यातच उपकेंद्रात आणि आशाताईंच्या पिशवीत पोचलेला हवा. खाचरं निम्मी लावून झाल्यावर आलेल्या कॅप्सूलचा तिथल्या बाईला काय उपयोग?