गप्प बसलेले लेकरू रुळलेले नसते!

जून उजाडला की आमच्या वस्त्यांत एकच दृश्य दिसते. पहिलीच्या वर्गाच्या दारात लेकरू आईचा पदर सोडत नाही आणि आईला कामाची वेळ गाठायची असते. गुरुजी म्हणतात, ‘रडू द्या, दोन दिवसांत गप्प होईल.’ ते गप्प होतेही. पण गप्प होणे म्हणजे रुळणे नव्हे.

कालपर्यंत ते अंगणवाडीत होते. ताई घरच्या बोलीत बोलत होती, गाणी म्हणून घेत होती. आज घंटा, रांग, पुस्तकी भाषा. लघवीला जायचे कसे विचारावे, हेही त्याला कळत नाही. अंगणवाडी एका खात्याची, शाळा दुसऱ्या खात्याची. मधली दरी मात्र सहा वर्षांच्या पोराने एकट्याने ओलांडायची! ज्याची आई आठवडाभर वर्गाबाहेर थांबू शकते, ते निभावून नेते. मजुराच्या लेकरावर ‘मठ्ठ’ असा शिक्का बसतो.

हा दोष लेकराचा नाही, व्यवस्थेचा आहे. मूळ घटनेच्या कलम ४५ मध्ये चौदा वर्षांपर्यंतची सर्व बालके होती. खालची वयोमर्यादा नव्हती. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयोगटाला मूलभूत हक्क दिला आणि त्याखालील लेकरांसाठी राज्याने फक्त प्रयत्न करायचे ठरले. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ११ नेही पूर्वप्राथमिक शिक्षण शासनाच्या मर्जीवर सोडले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ३ ते ८ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला. पण धोरण म्हणजे हक्क नव्हे, हे वकिली करताना आम्ही रोज अनुभवतो.

म्हणून आमची मागणी साधी आहे. शाळा सुटण्यापूर्वीच्या एप्रिलमध्ये ताईने मुलांना पहिलीचा वर्ग दाखवावा, गुरुजींची ओळख करून द्यावी. पहिले पंधरा दिवस खेळ, गाणी आणि घरची बोली असावी. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबरच मानसिक छळालाही मनाई करते. लेकराला ‘मठ्ठ’ म्हणून हिणवले जात असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीत बसलेल्या आपल्या पालकांनी हे कलम दाखवावे.

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या शाळेत बाळ भिवाचे नाव दाखल झाले. घरून नेलेल्या गोणपाटावर, इतरांपासून दूर बसून ते शिकले. सर्वच लेकरांकडून एवढ्या सोसण्याची अपेक्षा करणे हा अन्याय आहे. बांधवांनो, जयंतीच्या वर्गणीतून चार पैसे बाजूला काढा, विहारात संध्याकाळी पहिलीच्या मुलांना घेऊन बसा. ‘शिका’ हा आदेश पहिलीच्या दारातच सुरू होतो. जयभीम!