काडतुसांचे पितळ आणि फिरते पिंप : विकत घेण्यापूर्वी दोन शब्द

पितळ घासून लखलखीत ठेवण्याची हौस आपल्या लोकांस फार. पोळा किंवा दिवाळी जवळ आली की समया, घंगाळी, बैलांच्या शेंब्या ही सर्व ओसरीवर येतात आणि चिंच व राखुंडी यांचे काम सुरू होते. ज्या चांदवडच्या टांकसाळीत होळकरांच्या अमदानीत चांदवडी रुपया पडत असे, त्या गावास धातूच्या उजळपणाचे मोल कोणी शिकवावयास नको.

परंतु अलीकडे आमच्याकडे जी विचारणा होत आहे ती काहीशी निराळी आहे. बंदुकीचा परवाना बाळगणारे काही खातेदार, तसेच ज्यांची मुले नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागली आहेत असे काही पालक विचारतात की, पितळी काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या कोरड्या साफ करण्यासाठी 'टंबलर' नावाची जी यंत्रे विकावयास आली आहेत, त्यांपैकी कोणते घ्यावे? आमची नोकरी महसूल खात्याच्या दप्तरात गेली. परवान्यांचे व त्यांच्या नूतनीकरणाचे कागद आमच्या हाताखालून पुष्कळ गेले असल्यामुळे ही विचारणा आमच्याकडे यावी यात नवल नाही. आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. विचारणाऱ्यांपैकी बहुतेकांनी काहीच घेऊ नये. ज्यांस खरोखर गरज आहे त्यांनी घट्ट झाकणाचे, सावकाश फिरणारे पिंप घ्यावे. आणि ते राहत्या घरात, ओसरीवर किंवा खळ्यावर कधीही चालवू नये. या तीन विधानांची कारणे आता क्रमाने मांडतो.

प्रथम गरजेचा विचार करू. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये पीकसंरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. या बंदुकीत दारू व छर्रे नळीतून ठासले जातात. तिला काडतूसच नाही, मग पुंगळी कोठून येणार? दुसरी बारा बोअरची बंदूक. तिच्या आजच्या काडतुसाचे अंग प्लास्टिकचे असते, धातूची फक्त बुडाची वाटी. अशी पुंगळी पिंपात घालून काय उजळावयाचे? तिसरी नेमबाजीची .२२ ची रायफल. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीचे श्री. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ साली पॅरिस येथे ५० मीटर रायफलीच्या तीन स्थितींच्या स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, तेव्हापासून खेड्यापाड्यांतील मुलांचे लक्ष या खेळाकडे विशेष लागले आहे, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्या रायफलीच्या काडतुसात ठिणगी पाडणारे द्रव्य बुडाच्या कडेतच भरलेले असते. घोड्याचा आघात होऊन ती कड एकदा चेपली की पुंगळी निकामी झाली. ती पुन्हा भरता येत नाही. तेव्हा तीही साफ करण्यात अर्थ नाही.

राहता राहिली ती मध्यभागी टोपी बसविलेली, पूर्ण पितळेची पुंगळी. तीच काय ती साफ करून पुन्हा भरण्याजोगी असते, कारण मळकट पुंगळी साच्यात घातल्यास साचा खरवडला जातो. परंतु येथे कायदा आडवा येतो. उपर्युक्त अधिनियमाच्या कलम २ मधील दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात, आणि परवान्यावाचून दारूगोळा तयार करण्यास कलम ५ अन्वये मनाई आहे. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतुसे भरण्याचा परवाना नव्हे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. सबब ज्यास शंका असेल त्याने जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत लेखी अर्ज करून लेखी उत्तर घ्यावे, आणि मगच पिंपाच्या किमतीची चौकशी करावी. तोंडी उत्तराला दप्तरात जागा नसते.

ज्या क्लबांस अशी रीतसर परवानगी आहे, त्यांच्यासाठी निवडीचा विचार असा. कोरड्या सफाईची यंत्रे दोन जातींची. एकात भांडे थरथरते, दुसऱ्यात पिंप आडव्या आसावर फिरते. थरथरते भांडे काम लवकर उरकते. फिरत्या पिंपास सामान्यतः त्याच्या दुप्पट वेळ लागतो. परंतु थरथरणाऱ्या भांड्याचा कलकलाट फार, आणि त्याचे झाकण सैल असले किंवा जाळीचे असले तर सर्व धूळ बाहेर येते. फिरत्या पिंपास मात्र झाकण घट्ट बसवावेच लागते, नाही तर माल सांडेल. हा त्याचा गुण आम्हांस वेगापेक्षा मोठा वाटतो.

पिंपाचा वेग मोजून घ्यावा. पिंप फार जोराने फिरले की आतील माल भिंतीस चिकटून गरगरतो आणि घर्षण होतच नाही. २० सेंटिमीटर व्यासाच्या पिंपात ही मर्यादा मिनिटास सुमारे ९५ फेऱ्यांची, व ३० सेंटिमीटर व्यासाच्या पिंपात सुमारे ७७ फेऱ्यांची येते. काम घ्यावयाचे ते याच्या निम्म्याच्या आसपास. म्हणजे पिंप जितके मोठे तितका वेग कमी. आतील भिंत अगदी गुळगुळीत गोल असल्यास माल नुसता घसरतो. षट्कोनी किंवा अष्टकोनी पिंपात, अथवा आत रबराच्या पट्ट्या असलेल्या पिंपात तो चांगला उलथापालथा होतो. मोटार सलग चार-सहा तास चालण्याजोगी आहे की नाही, आणि पट्टा तुटल्यास दुसरा जिल्ह्याच्या गावी मिळेल की नाही, हे विकणाऱ्यास विचारावे. पिंपावर छापलेला पुंगळ्यांचा आकडा बहुधा लहान पिस्तुलाच्या पुंगळ्यांचा असतो; त्यावर विसंबू नये. आतील भुकटी धरून किती वजन चालते, ते पाहावे. माल दोन-तृतीयांशाहून अधिक भरू नये. आणि जिवंत काडतूस पिंपात कदापि घालू नये.

आता भुकटीविषयी. अक्रोडाच्या कवचाची भुकटी अधिक कठीण, म्हणून ती मळ लवकर काढते. मक्याची भुकटी मऊ, ती झिलई चांगली आणते. ही मक्याची भुकटी म्हणजे दुसरे काही नसून, दाणे काढल्यावर उरणारे आणि आपण चुलीत घालतो ते बुरकुंड होय. त्याच्या मधल्या लाकडी कड्याचे दाणे करून, ते वाळवून व चाळून डब्यांत भरून विकतात. चांदवड, येवला, मालेगाव या तालुक्यांतील खळ्यांवर जे ढिगांनी पडते, ते विकत आणावयाचे म्हणजे नदीकाठी राहून घागरभर पाणी विकत घेण्यापैकीच आहे. कण साधारण एक मिलिमीटरच्या आगेमागे असावा. त्याहून जाड कण पुंगळीच्या बुडाच्या भोकात अडकतो. बुरशी आलेले बुरकुंड घेऊ नये, व पावसाळ्यात भुकटी हवाबंद डब्यात ठेवावी. दमट भुकटी मळ न काढता पुंगळीत गोळा होऊन बसते.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? चिंचेच्या पाण्यात पुंगळ्या टाकल्या की काम झाले. चिंचेने पितळ उजळते हे खरे. तथापि आंबट पाण्यात ते फार वेळ राहिले तर वरच्या थरातील जस्त निघून जाते व तांबूस झाक येते. काडतुसाच्या पितळेत साधारणतः ७० भाग तांबे व ३० भाग जस्त असते, आणि त्या प्रमाणावरच त्याची ताकद अवलंबून आहे. तांब्यास जे सोसते ते स्फोटाचा दाब सोसणाऱ्या पुंगळीस सोसेलच असे नाही. दुसरा पक्ष म्हणेल की, पोलादी काड्या घालून साबणाच्या पाण्यात पिंप फिरविल्यास पुंगळी आतूनही स्वच्छ होते आणि धूळ मुळीच उडत नाही. हे म्हणणे खोटे नाही. परंतु त्या दूषित पाण्याचे काय करावयाचे, हा प्रश्न मागे उरतो. आणि ज्या तालुक्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तेथे त्यासाठी पाणी खर्चावे असे आम्हांस वाटत नाही.

मात्र बाजारातील काही पातळ पॉलिशांपासून सावध राहावे, कारण त्यांत अमोनिया असतो. याविषयी एक जुनी हकीकत शेतकऱ्याने अवश्य लक्षात ठेवावी अशी आहे. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातील ब्रिटिश फौजेची काडतुसे पावसाळ्यात घोड्यांच्या पागेत साठवून ठेवीत. पावसाळा सरल्यावर पाहावे तो कित्येक पुंगळ्या आपोआप तडकलेल्या! कारण १९२१ साली मूर, बेकिन्सेल व मॅलिन्सन या शास्त्रज्ञांनी उलगडून सांगितले : पुंगळी ओढून घडविताना पितळेत राहिलेला ताण, आणि घोड्यांच्या मुतापासून हवेत मिसळणारा अमोनिया, या दोहोंच्या योगाने पितळ चिरते. आपल्या गोठ्यातही तीच हवा असते. म्हणून काडतुसे, पुंगळ्या किंवा फवारणीच्या पंपाचे पितळी भाग गोठ्याच्या कोनाड्यात अथवा खतांच्या पोत्यांशेजारी ठेवू नयेत. आणि चीर पडलेली पुंगळी पिंपात कितीही उजळली तरी ती चिरलेलीच राहते. उजळपणा म्हणजे निर्दोषपणा नव्हे.

शेवटचा मुद्दा धुळीचा, आणि आमच्या मते सर्व निवडीचे मर्म यातच आहे. काडतुसाच्या टोपीतील द्रव्यात बहुधा शिशाचा क्षार असतो. बार उडाल्यावर त्याचा अंश पुंगळीत राहतो, आणि पिंप फिरू लागले की तो भुकटीत व धुळीत येतो. शिसे शरीरात साठत जाणारे विष आहे, आणि लहान मुलांच्या मेंदूस ते विशेष घातक. आमच्या पाहण्यात असे आले की, एका सुखवस्तू घरी हे यंत्र ओसरीवर चालू होते. दोन हातांवर सुपात बाजरी निवडणे चालले होते आणि झाकणाच्या फटीतून करड्या धुळीचा थर सुपाच्या कडेवर बसत होता. काम झाल्यावर गड्याने काळी पडलेली भुकटी उचलली आणि नित्याच्या सवयीने उकिरड्यावर टाकली. त्याचा काय दोष? मक्याचे बुरकुंड उकिरड्यावरच जाते, हेच तो जन्मभर पाहत आला. परंतु ते शिसे खताबरोबर शेतात जाणार आणि मातीतून पुन्हा निघावयाचे नाही. घरधन्यास आम्ही हे सांगितले तेव्हा त्याने यंत्र त्याच दिवशी उचलले. ते क्लबास दिल्याचे पुढे कळले.

यास्तव नियम असा असावा. पिंप वस्तीपासून दूर, उघड्या हवेत चालवावे; झाकण उघडताना व चाळताना नाकातोंडावर चांगला मुखवटा असावा; हात साबणाने धुऊन, कपडे बदलून मगच घरात यावे. सुती कापडाचे चार तुकडे भुकटीबरोबर फिरविल्यास बरीच धूळ त्यांस धरते. ते तुकडेही वापरलेल्या भुकटीबरोबरच टाकाऊ समजावे. वापरलेली भुकटी चुलीत नाही, गव्हाणीत नाही, उकिरड्यावर नाही व बांधावरही नाही. बंद डब्यात भरून ती धोकादायक कचरा घेणाऱ्याच्या हवाली करावी. ज्यास एवढे करणे जड वाटते, त्याने पिंप घेऊ नये.

आमची सूचना इतकीच. पुंगळ्यांचे पिंप परवानगी असलेल्या क्लबाजवळच असावे, घरोघर नसावे. आणि पितळ उजळण्याची ज्यांस हौस आहे अशा सभासदांसाठी संघाने एक साधे फिरते पिंप समाईक घ्यावे, आपल्याच मक्याची भुकटी करून त्यात घालावी, आणि पोळ्याआधी गावोगावच्या शेंब्या त्यात फिरवून द्याव्या. शेंबीही पुंगळीसारखीच पोकळ व पितळेची. तिला हे यंत्र चांगले मानवेल. घुंगरांच्या फटींत मात्र कण अडकतात, ते टोचून काढावे लागतील. त्या पिंपात काडतुसाची पुंगळी एकदाही पडता कामा नये. तसा ठराव करून तो पिंपावरच रंगवून ठेवावा. बैलाच्या शिंगावर जे चढवावयाचे त्यास शिशाचा स्पर्श नको. संघाच्या पुढील सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची चालकांस विनंती आहे.