डाग वेगळा, रंग वेगळा

पिंपल येतो, चार दिवस पाहुणचार घेतो आणि जातो. पण जाताना आपलं व्हिजिटिंग कार्ड ठेवून जातो! गालावर तपकिरी, हनुवटीवर काळपट, कपाळावर राखाडी. ऑफिसच्या लिफ्टमधल्या पांढऱ्याफटक उजेडात ही सगळी कार्डं एका नजरेत मोजता येतात. मग सुरू होतो सल्ल्यांचा पाऊस. "काहून गं, चेहऱ्याचं काय करून राहिली हे?" असं विचारणाऱ्या काकू आपल्या नागपुरात चौकाचौकात भेटतात. उपायही त्यांच्याकडे तयार. लिंबू चोळ, संत्र्याच्या सालीची पावडर लाव, नाहीतर माझ्या भाचीने लावली ती ट्यूब आण.

या आठवड्यात त्या ट्यूबबद्दलच बोलू या. कारण डाग तसा निरुपद्रवी आहे. ट्यूब नाही.

आधी डागाची कुंडली. डॉक्टर मंडळी त्याला 'पोस्ट-इन्फ्लमेटरी हायपरपिग्मेंटेशन' म्हणतात. नाव मोठं, मामला साधा. पिंपल, पुरळ, भाजणं, थ्रेडिंगनंतरची आग, काहीही असो, त्वचेला सूज आली की तिथल्या रंगपेशी घाबरून जास्त मेलॅनिन बनवतात. सूज उतरते, मेलॅनिन मागे राहतं. गोऱ्या आणि सावळ्या त्वचेत रंगपेशींची संख्या साधारण सारखीच असते बरं का! फरक त्यांच्या कामाच्या उत्साहात. आपल्या पेशी जरा जास्तच उत्साही. म्हणून तोच पिंपल एखाद्या परदेशी कलीगच्या गालावर लाल खूण ठेवतो आणि आपल्या गालावर काळी.

मेलॅनिन वरच्या थरात असेल तर डाग तपकिरी दिसतो आणि बहुतेकदा सहा महिने ते वर्षभरात आपोआप फिकट होत जातो. खालच्या थरात उतरलं असेल तर रंग निळसर-राखाडी दिसतो, आणि मग प्रकरण वर्षानुवर्षं चालू शकतं. खड्डा पडला असेल तर तो डाग नव्हे, व्रण. त्याचा इलाज वेगळा.

आता ट्यूबकडे. मागे धरमपेठेतल्या एका मेडिकल स्टोअरमध्ये मी रांगेत उभी होते. पुढची मुलगी कॉलेजमधली असावी. "दादा, डागांचं क्रीम द्या ना, लवकर फरक पडणारं." दादांनी डोळे वर न करता एक ट्यूब पुढे सरकवली. प्रिस्क्रिप्शन विचारलं नाही, किती दिवस लावायचं तेही सांगितलं नाही. पोरगी खूश होऊन स्कूटीवर बसली. त्या ट्यूबवर बारीक अक्षरात तीन नावं होती. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनोइन आणि एक स्टेरॉइड.

या तिकडीचा इतिहास मजेशीर आहे. १९७५ साली अमेरिकेत क्लिगमन आणि विलिस या डॉक्टरांनी हे मिश्रण मांडलं, आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांसाठी ते आजही कामाचं औषध आहे. त्याच १९७५ मध्ये भारतात 'फेअर अँड लव्हली' बाजारात आली. एकीकडे डाग घालवायचं औषध, दुसरीकडे रंग उजळवायचं क्रीम. पुढे आपल्या गल्लीबोळात दोघांची सरमिसळ झाली. डागाचं औषध लोक गोरं व्हायला अख्ख्या चेहऱ्याला फासू लागले, तेही महिनोन्‌महिने!

स्टेरॉइडची गंमत अशी की पहिले पंधरा दिवस चेहरा खरंच चकाकतो. सूज दबते, रंग उजळतो, काकू खूश, पोरगी खूश. मग त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, नको तिथे लव येते, नवे पिंपल उठतात. घाबरून ट्यूब बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून ती पुन्हा सुरू. आणि प्रत्येक भडक्यानंतर काय उरतं? नवा डाग! म्हणजे ज्याच्यासाठी औषध, त्याचीच शेती.

हे दोन-चार मुलींपुरतं नाही. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात देशातल्या १२ केंद्रांवर त्वचारोग ओपीडीतल्या २,९२६ रुग्णांची तपासणी झाली. त्यातले ४३३ जण चेहऱ्याला स्टेरॉइड लावत होते. सातातला एक! त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने पाठपुरावा केला, आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीशिवाय विक्री बंद केली. कायदा झाला. दादा मात्र अजून डोळे वर करत नाहीत.

याहून भयंकर प्रकार बिननावाच्या डब्यांचा. अकोल्यातल्या एकाच घरातल्या आई आणि दोन मुलींची बातमी २०२३ च्या जानेवारीत आली होती, आठवते? चेहऱ्याला क्रीम लावत होत्या आणि बिघडली किडनी. मुंबईच्या केईएम रुग्णालयात शोध घेतला तेव्हा क्रीममध्ये पारा निघाला. पारा रंगपेशींचं काम थांबवतो, म्हणून चेहरा उजळतो. पण तो त्वचेतून आत जातो आणि मूत्रपिंडाला सोडत नाही.

मग करायचं काय? सगळ्यात आधी नवे पिंपल थांबवा. नळ चालू ठेवून फरशी पुसण्यात अर्थ नाही. अॅडापलीन रात्री लावलं की पिंपल आणि डाग दोन्हींवर काम होतं. अझेलेइक अॅसिडही तसंच दुहेरी कामाचं आणि गरोदरपणातही चालणारं. अॅडापलीन आणि ट्रेटिनोइन मात्र तेव्हा नकोच. हायड्रोक्विनोन डॉक्टर सांगतील तेवढेच दिवस. जास्त काळ लावलं तर तेच कायमची निळसर-काळी झाक देऊ शकतं. आणि कुठलंही औषध हळूहळू वाढवा. चेहरा सोलून निघाला तर ती नवी सूज आणि पुन्हा नवं कार्ड. याच कारणासाठी सालीच्या पावडरीने घासणं बंद. लिंबू लावून उन्हात जाणं तर अजिबात नको, लिंबाचा रस आणि ऊन मिळून त्वचा भाजते. पार्लरमधलं पील किंवा लेझरही सावळ्या त्वचेचा अनुभव असलेल्या डॉक्टरकडेच.

आणि ऊन! एप्रिल-मेमध्ये पारा ४५ ला टेकतो तेव्हा आपण नागपूरकर मुली स्कार्फ बांधून डाकूराणी होतो, ते उत्तमच. फक्त तो घामट स्कार्फ रोज धुवा आणि आत सनस्क्रीनही लावा. एसपीएफ किमान ३०, दोन बोटं भरून. आणखी एक गोष्ट. सावळ्या त्वचेवर नुसत्या दिसणाऱ्या प्रकाशानेही डाग गडद होतात. त्यासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, हलक्या रंगाचं टिंटेड सनस्क्रीन जास्त उपयोगी. ट्यूबवर हे नाव शोधा.

स्पेशालिस्टची फी परवडत नसेल तर आपल्या मेडिकलला आणि मेयोला त्वचारोग ओपीडी आहे. रांग असते, मान्य. पण मेडिकल स्टोअरच्या रांगेपेक्षा ती बरी.

'फेअर अँड लव्हली'ने २०२० मध्ये नावातलं 'फेअर' काढून 'ग्लो' केलं. बायोडाटातलं 'गोरी' मात्र अजून जागच्या जागी आहे. म्हणूनच मुलींना घाई असते. "पाहुणे येत्या रविवारी येऊन राहिले" हे वाक्य ऐकलं की सहा महिन्यांचा इलाज कुणाला झेपेल? त्या घाईवरच दुकानं चालतात. डाग जायला वेळ लागतो आणि रंग जायचाच नसतो. तो आपला आहे, आजीकडून आलेला.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी ट्यूब पुढे केली तर एकच प्रश्न विचारा. हे डागासाठी आहे की रंगासाठी? रंगासाठी असेल तर "धन्यवाद काकू" म्हणायचं आणि स्कूटीला किक मारायची.